लिडिसे की लिडिचे? चेक देशातलं एक गाव, आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्याबद्दल काय सांगायचं

सांगलीकरीण
धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक सहावीत आहे. चित्रकलेच्या सरांनी वर्गातल्या चार जणांना सांगितलंय की चेक प्रजासत्ताकातल्या लिडिसे नावाच्या गावी मुलांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याला चित्र पाठवायचंय. घरी आल्या आल्या प्रश्न, "आई, ते गाव एवढं मोठं आहे का, की सगळ्या जगाने तिथे चित्रं पाठवायची?"

दोघींनी नकाशा उघडला. प्रागच्या वायव्येला, विमानतळ ओलांडून थोडं पुढे, क्लाद्नो नावाच्या शहराच्या अलीकडे. गाव एवढंसं. एका अंगाला आखून दिल्यासारखी घरं, आणि त्याला लागूनच एक भलंमोठं हिरवं कुरण. कुरणात ओढा, थोडी झाडं, बाकी काही नाही. एका जागी 'संत मार्टिन चर्च' असं लिहिलेलं. मोठं करून पाहिलं तर चर्च नाहीच, नुसता जोत्याचा आकार. लेक म्हणाली, "आई, चर्च कुठे गेलं?"

मी शोधून वाचायला लागले आणि दुसऱ्या मिनिटाला लॅपटॉप मिटला. "नंतर सांगते" म्हटलं. आता दोन दिवस झाले, ती विसरायला तयार नाही. इथे कुणी गेलंय का? आणि पोरीला किती सांगू?

टवाळ_कार्टं
चेक म्हणजे आम्हाला फक्त येझदी आणि बाटा ठाऊक. तिसरं काही सांगा, ऐकतोय.

शिवारातला_गडी
झेटॉर विसरलास की रे. एचएमटीचा झेटॉर आमच्या दारात वीस वर्षं उभा होता. तोही चेकच.

भूगोल_मास्तर
ताई, लेकीचा प्रश्न बरोबर आहे आणि तुमचा लॅपटॉपही बरोबर वेळी मिटला.

आधी जागा समजून घ्या. मध्य बोहेमियाचा हा भाग सपाट पठाराचा, मधेमधे लहान ओढ्यांनी कोरलेल्या उथळ दऱ्या. अशाच एका दरीत चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या गावाची नोंद सापडते. चर्च, शाळा, तळं, गिरणी, शेतकऱ्यांचे वाडे. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या क्लाद्नोला कोळसा निघाला, मागोमाग पोलादाचे कारखाने आले, आणि गावातले गडी शेत सोडून खाणीत आणि भट्टीवर जायला लागले. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी काळं तोंड घेऊन परत. १९४२ साली पाचशेच्या आसपास वस्ती.

१० जून १९४२ ला हे गाव संपवण्यात आलं. तुम्हाला दिसलेलं कुरण म्हणजे जुनं गाव, आखीव घरं म्हणजे युद्धानंतर बांधलेलं नवं.

आबा_फौंड्री
क्लाद्नोचा विषय निघाला म्हणून अवांतर करतो, माफी असावी. तिथला कारखाना म्हणजे पोल्डी. आमच्या काकांच्या डाय बनवायच्या शेडमध्ये जुन्या हत्यारी पोलादाच्या सळ्या होत्या, त्यावर एका बाईचा चेहरा आणि वर तारा असा शिक्का. लहानपणी वाटायचं कुठलीतरी देवी असावी. पुढे कळलं, कारखाना १८८९ मध्ये कार्ल विट्गेनस्टाईनने काढला आणि बायकोच्या लाडाच्या नावावरून नाव ठेवलं. लेओपोल्डीना, म्हणून पोल्डी. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाईन हा त्यांचाच मुलगा.

टवाळ_कार्टं
काका, येझदीवरून सुरू झालेला धागा विट्गेनस्टाईनपर्यंत चौथ्या प्रतिसादात पोचला. दंडवत घ्या.

प्रागवासी
नऊ वर्षं प्रागमध्ये आहे, दोनदा जाऊन आलोय.

आधी उच्चार. लिडिसे नाही. शेवटच्या अक्षराचा उच्चार 'त्से' असा, आणि मराठी माणसाला तो फुकटात येतो: चाकातला, चमच्यातला च. फक्त आपण 'चे' म्हटलं की जीभ सवयीने 'गावाचे' मधल्या च कडे घसरते, तेवढं सांभाळायचं. मधला ड सुद्धा मऊ, 'द्य' कडे झुकलेला. माझ्या ऑफिसातले दिल्लीकर अजून लिडाइस म्हणतात. मी आपला लिडिचे लिहितो, च चाकातला समजून वाचा.

वेलेस्लावीन मेट्रोपासून क्लाद्नोकडे जाणारी बस धरायची, अर्धा तास. उतरल्यावर संग्रहालय, त्याच्या पुढे उतार, आणि उतारावरून एकदम सगळी दरी दिसते. मला वाटलं होतं पडक्या भिंती असतील, जळकी घरं असतील. काही नाही. गवत कापलेलं. लोक कुत्री फिरवतात. ओढ्याचं पाणी ऐकू येतं. खाली उतरलं की चर्चचा पाया, शाळेचा पाया आणि होराक नावाच्या शेतकऱ्याच्या वाड्याचा पाया लागतो. त्या वाड्याच्या बाजूला पुरुषांची सामूहिक कबर आहे. तिच्यावर साधा लाकडी क्रूस आणि क्रूसाला काटेरी तारेचा मुकुट.

शंकासुर
म्हणजे हायड्रिखला मारणारे या गावात लपले होते, म्हणून गाव जाळलं ना? शाळेत असंच काहीतरी वाचलं होतं.

भूगोल_मास्तर
नाही हो. हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

राइनहार्ड हायड्रिख हा नाझींनी बळकावलेल्या बोहेमिया-मोराव्हियाचा तिथला सर्वेसर्वा. २७ मे १९४२ ला प्रागमध्ये एका वळणावर त्याच्या गाडीवर गाबचीक आणि कुबिश या दोघांनी हल्ला केला. दोघेही ब्रिटनमध्ये तयार होऊन विमानातून हवाई छत्रीने उतरलेले सैनिक. ४ जूनला हायड्रिख मेला. मारेकरी सापडेनात. ९ तारखेला बर्लिनमध्ये अंत्यसंस्कार झाले आणि त्याच दिवशी या गावाचा हुकूम सुटला.

आता हेच गाव का? स्लानी गावच्या एका कारखान्यात मालकाच्या हाती एक पत्र लागलं. एका विवाहित गड्याने तिथल्या कामगार पोरीला लिहिलेलं. त्याला प्रकरण मिटवायचं होतं म्हणून त्याने काहीतरी गूढ, मोठ्या कामगिरीवर निघाल्यासारखा मजकूर लिहिला. मालकाने ते पोलिसांना दिलं. चौकशीत लिडिचेच्या होराक कुटुंबाचं नाव निघालं, कारण त्यांचा मुलगा ब्रिटनमध्ये चेकोस्लोव्हाक सैन्यात होता. स्त्रीब्रनी कुटुंबाचाही मुलगा तसाच. गावाची झडती घेतली, काही सापडलं नाही. हल्ल्याशी संबंध नाही हे तपास करणाऱ्यांनाही कळलेलं होतं. पण बर्लिनला सूड हवा होता आणि हाताशी एक नाव होतं.

खरे मारेकरी प्रागच्या रेस्लोव्हा रस्त्यावरच्या चर्चमध्ये होते. १८ जूनला तिथे वेढा पडला आणि ते दोघे आणि त्यांचे साथी, असे सातही छत्रीधारी मेले. तोवर लिडिचे संपून आठ दिवस झाले होते.

कर्कटक
एका लफडेबाज माणसाच्या चिठ्ठीपायी अख्खं गाव. काय बोलायचं.

मुक्ता_लिहिते
@कर्कटक, चिठ्ठीपायी नाही हो. चिठ्ठी नसती तर दुसरं गाव असतं. दोष त्या माणसाच्या गळ्यात घालून आपण हुकूम देणाऱ्याला हळूच बाजूला करतो. हुकूम अंमलात आणणारा कार्ल हेर्मान फ्रांक होता. युद्धानंतर प्रागच्या पांक्राट्स तुरुंगात २२ मे १९४६ ला त्याला जाहीर फाशी झाली.

कर्कटक
मान्य. चुकीचं लिहिलं.

वाटसरू
त्या रात्री नेमकं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. ज्यांना नको त्यांनी हा प्रतिसाद ओलांडावा.

९ तारखेच्या रात्री गावाला वेढा पडला. कुणाला बाहेर जायची परवानगी नाही. बायका-मुलांना वेगळं काढून ट्रकमधून क्लाद्नोला, तिथल्या शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. पंधरा वर्षांवरच्या मुलग्यांसह सगळे पुरुष होराकच्या वाड्यात. घराघरातून गाद्या ओढून आणल्या आणि कोठाराच्या भिंतीला उभ्या लावल्या, गोळ्या आपटून उलट्या येऊ नयेत म्हणून. आधी पाच-पाच, मग काम लवकर उरकेना म्हणून दहा-दहा. १७३ जण. गावचे पाद्री योसेफ श्टेम्बेर्का ७३ वर्षांचे होते. त्यांना वाचवायची तयारी दाखवली होती, त्यांनी नाही म्हटलं आणि आपल्या लोकांबरोबर गेले. कबर खणायला तेरेझीनच्या छळछावणीतून ३० ज्यू कैदी आणले.

खाणीत रात्रपाळीला होते ते वाचले असं वाटेल. नाही. त्यांना नंतर पकडून प्रागमध्ये मारलं.

माझ्या डोक्यातून त्या गाद्या जात नाहीत. कुणीतरी आदल्या रात्री त्यांच्यावर झोपलेलं असणार.

टवाळ_कार्टं
माझे वरचे दोन्ही प्रतिसाद संपादकांनी काढून टाकले तरी चालतील.

सांगलीकरीण
असू देत. तेवढंच आहे या धाग्यात लेकीला वाचून दाखवण्यासारखं.

शंकासुर
आणि मुलं? सगळीच गेली?

प्रागवासी
सगळी नाही, पण बहुतेक. आयांना राव्हेन्सब्रुकच्या छावणीत पाठवलं, मुलांना पोलंडमधल्या वूचला. जर्मन घरात वाढवण्यासारखी दिसणारी काही मोजकी निवडून घेतली. वूचहून मुलांनी नातेवाइकांना पत्रं पाठवली, कपडे पाठवा म्हणून. मग जुलैच्या सुरुवातीला ८२ मुलांना हेउम्नोच्या मृत्यूछावणीत नेऊन गाडीतल्या विषारी धुराने मारलं.

युद्धानंतर १४३ बायका परतल्या. नवरे गोळ्या घालून मारले आणि गाव उरलेलं नाही, हे त्यांना परत येईपर्यंत माहीत नव्हतं. मुलांचा शोध दोन वर्षं चालला, १७ सापडली. काहींना चेक बोलता येत नव्हतं. आई समोर उभी आणि मुलगी जर्मनमध्ये बोलतेय.

रानभूल
फ्रांतिशेक साइड्ल नावाच्या माणसाची गोष्ट कुणाला माहीत आहे का? हा गावचा माजी उपसरपंच म्हणा. डिसेंबर १९३८ मध्ये त्याच्या हातून चुकून स्वतःचा मुलगा मारला गेला, चार वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला कुणी काही सांगितलं नाही. शिक्षा भोगून २३ डिसेंबर १९४२ ला, नाताळच्या तोंडावर, घरी आला. दरीत उतरला तर बर्फ आणि मोकळी जमीन. तुरुंगात होता म्हणूनच जिवंत राहिला.

मी कथा लिहिणारी बाई आहे, पण ही कथा लिहायची माझी छाती नाही.

भूगोल_मास्तर
'मोकळी जमीन' यावर थोडं, कारण माझा विषय तोच.

गावं जाळण्याचे प्रकार इतिहासात ढिगाने आहेत. इथे झालं ते वेगळं. घरं जाळली, मग सुरुंग लावून उडवली, चर्चही उडवलं. स्मशानातली जुनी थडगी उकरली. तळं बुजवलं, ओढ्याचा प्रवाह बदलला, रस्ते मोडले, झाडं तोडली, वर माती ओढून जमीन एकसारखी केली. हे काम महिनोन्महिने चाललं. नकाशातून नाव काढलं. गाव जगलं होतं याची जमिनीत खूण राहू नये, एवढा खटाटोप. आणि हे सगळं त्यांनी स्वतःच चित्रित करून ठेवलं. तीच फिल्म पुढे न्यूरेम्बर्गच्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध दाखवली गेली.

वर्गात मी मुलांना विचारतो, नदी नकाशात का वळते? डोंगर, खडक, उतार, अशी उत्तरं येतात. हुकमामुळे वळते असं उत्तर कुणी देत नाही.

प्रागवासी
मास्तर, एक नाशपतीचं झाड मात्र राहिलं. होरपळलं होतं, तरी फुटलं. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा मुद्दाम शोधून पाहिलं.

काडीपेटी
सगळे गळा काढताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. लंडनमध्ये सुरक्षित बसलेल्या परागंदा सरकारने हायड्रिखला मारायचा घाट घातला. सूड घेतला जाणार हे त्यांना कळत नव्हतं? किंमत खाणकामगारांनी दिली. एक हायड्रिख मेल्याने युद्ध एक दिवस तरी लवकर संपलं का?

मुक्ता_लिहिते
आयडीला शोभेल अशी काडी. पण प्रश्न चेक लोक स्वतःही विचारतात, त्यामुळे उत्तर द्यायला हवं. १९३८ ला म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सनी त्यांचा देश कापून हिटलरला दिला होता. परागंदा सरकारला दाखवायचं होतं की आम्ही अजून लढतोय. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटनने म्युनिक करार रद्द झाल्याचं मान्य केलं. या हल्ल्याचा आणि त्यानंतरच्या अत्याचारांचा त्यात वाटा होता. तो सौदा परवडला का, हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही पुण्यातल्या एसीत बसून ठरवू नका.

काडीपेटी
ठाण्यात. आणि एसी बंद आहे.

वाटसरू
लेझाकीचं नाव यायला हवं. लिडिचेनंतर दोन आठवड्यांनी, २४ जूनला, आठ-नऊ घरांची ती वाडी संपवली. तिथे मात्र छत्रीधाऱ्यांचं वायरलेस यंत्र लपवलेलं होतं, म्हणजे कारण तरी होतं. तिथल्या मुलांपैकी दोन बहिणी वाचल्या. लेझाकी पुन्हा बांधलीच नाही. घरांच्या जागी दगडी चौथऱ्यांसारखे आकार करून ठेवलेत. लिडिचे जगाला माहीत झालं, लेझाकी नाही.

रानभूल
लिडिचे माहीत झालं कारण नाझींनीच अभिमानाने रेडिओवरून सांगितलं. त्यांना धाक बसवायचा होता, झालं उलटंच. महिनाभरात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका वस्तीला लिडिचे नाव दिलं. मेक्सिको सिटीत, व्हेनेझुएलाच्या काराकासमध्ये, पनामात या नावाच्या वस्त्या आहेत. लॅटिन अमेरिकेत मुलींची नावं लिडिसे ठेवली गेली. एक गाव पुसायला गेले आणि इतकी झाली.

आबा_फौंड्री
खाणकामगारांची बाजू मला जास्त भावते. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचे खाणकामगार, युद्ध चालू, स्वतःच्या घरात रेशन. बार्नेट स्ट्रॉस नावाचा तिथला डॉक्टर आणि नगरसेवक, त्याने सप्टेंबर १९४२ मध्ये 'लिडिचे जगेल' अशी मोहीम काढली आणि या लोकांनी पगारातून वर्गणी दिली. कधी न पाहिलेल्या गावातल्या खाणवाल्यांसाठी. १९४७ ला नव्या गावाचा पाया घातला गेला, दीडशे घरं झाली. जुन्या आणि नव्या गावाच्या मधली गुलाबाची बागही त्याच डॉक्टरची कल्पना, १९५५ ची. हजारो झाडं, वेगवेगळ्या देशांनी पाठवलेली.

शिवारातला_गडी
गुलाब कुठल्या जातीचे? कलमी का?

प्रागवासी
जून-जुलैत जा आणि स्वतः बघा दादा. मला गुलाब आणि जास्वंदीत फरक कळतो एवढंच.

सांगलीकरीण
सगळं वाचलं. रात्री दोनदा उठून लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. पण मूळ प्रश्न तसाच आहे. अकरा वर्षांच्या पोरीला यातलं काय सांगू?

काडीपेटी
काहीच नका सांगू. चित्र काढू द्या, फुलपाखरू काढेल. नाझींचं ओझं सहावीतल्या पोरीवर कशाला?

रेखाटन
चित्रकलेची शिक्षिका आहे, शाळेतर्फे याच प्रदर्शनाला बऱ्याचदा चित्रं पाठवली आहेत, म्हणून लिहिते.

हे प्रदर्शन १९६७ मध्ये तिथल्या मारल्या गेलेल्या मुलांच्या आठवणीसाठी सुरू झालं, १९७३ पासून आंतरराष्ट्रीय झालं. ४ ते १६ वयाची मुलं. दरवर्षी एक विषय असतो आणि तो कधीच युद्धाचा किंवा रडवणारा नसतो. मुलांनी मुलांसारखी चित्रं काढावीत, हाच हेतू. भारतातून भरपूर चित्रं जातात, बक्षिसंही येतात, शाळांनाही पदक मिळतं. त्यामुळे तुमच्या लेकीने फुलपाखरू काढलं तरी ते योग्यच आहे, काडीपेटी यांचा तेवढा मुद्दा बरोबर.

पण काहीच सांगू नका हे मला पटत नाही. एकदा मीही नाही सांगितलं. पाचवीच्या एका मुलाने घरी स्वतःच शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला, आकडे फुगवून, गोळ्यांच्या आवाजासकट सांगितलं. तेव्हापासून आधी मीच सांगते. मारी उखितिलोव्हा या शिल्पकार बाईने त्या ८२ मुलांचे पुतळे केले, त्यांचा फोटो दाखवते. ४२ मुली, ४० मुलगे. १९६९ मध्ये हाती घेतलं, वीस वर्षं खपली, १९८९ मध्ये गेली. ब्राँझमध्ये ओतून उभं राहिलेलं तिने पाहिलं नाही. नवऱ्याने पुढे नेलं, शेवटचे पुतळे २००० साली बसले. मुलं त्या फोटोत आपल्या वयाचं कुणी आहे का ते शोधतात. तेवढ्यावर थांबते. गाद्या, गाड्या, धूर, हे काही नाही. विचारलंच तर खोटं बोलत नाही.

प्रागवासी
त्या पुतळ्यांपाशी गेलात तर दिसेल, लोक खेळणी ठेवून जातात. हिवाळ्यात गेलो होतो तेव्हा एका लहान पुतळ्याच्या पायाशी कापडी अस्वल होतं, बर्फाने भिजलेलं. सगळी मुलं दरीकडे तोंड करून उभी आहेत, म्हणजे मास्तरांनी सांगितलेल्या त्या मोकळ्या जमिनीकडे.

मुक्ता_लिहिते
रेखाटनताई, प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

सांगलीकरीण
काल सांगितलं. ताईंच्या पद्धतीने, फोटो समोर ठेवून. तिने आधी मुली मोजल्या. मग विचारलं, "यांची नावं माहीत आहेत का?" मी म्हटलं, आहेत, तिथे लिहून ठेवलीत. मग विचारलं, "आणि तळं का बुजवलं? तळ्याने काय केलं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास्तर, तुमच्याकडे असेल तर द्या.

चित्राला बसलीय. प्रागवासींचं नाशपतीचं झाड तिला आवडलं, पण नाशपती सांगलीत बाजारातच पाहिलेली, झाडावर नाही. म्हणून पानं आंब्याची झालीत. खाली तळं काढलंय, त्यात बदकं. शेजारी एक मुलगी गळ टाकून बसलीय. सर म्हणाले, विषयात बसत नाही. ती म्हणाली, बसतं.

भूगोल_मास्तर
उत्तर नाही. बदकं किती आहेत?

सांगलीकरीण
सात. एक उलटं पोहतंय.

रेखाटन
चित्र परत मिळत नाही, आधी फोटो काढून ठेवा. मागच्या बाजूला नाव, वय, शाळा नीट लिहा. आणि आंब्याची पानं बदलायला लावू नका.